गणपूर्तीअभावी तहकूब

माझ्याकडं सतरा कॅसेटी आहेत. त्यातली एकही धड नाही, असं बायकोचं म्हणणं आहे. हे म्हणणं तिनं लग्नाच्या चौथ्या वर्षी मांडलं आणि अजून मागं घेतलेलं नाही. खरं सांगायचं तर तिचं चुकतही नाही. प्रत्येक कॅसेटीत वाजवणं चांगलं रंगात आलेलं असतं आणि मग ते मधेच तुटतं.

त्या काळी मी केज तालुक्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. चेअरमन सही करायचे, संचालक चहा प्यायचे आणि उरलेलं सगळं मी करायचो. सभांची इतिवृत्तं लिहून लिहून मला एक खोड लागली होती. दिसेल त्या कागदाला, वस्तूला आवक क्रमांक द्यायचा. कॅसेटींनाही मी क्रमांक दिले. वर लाल शाईनं क्रमांक, खाली शेरा. बायको म्हणायची, पोरं झाली की त्यांच्या पाठीवरही आकडा टाकाल तुम्ही.

पेटी मी कुणाकडं शिकलो नाही. भजनात बसून बसून बोटं वळली. शिकवणाराच नसल्यामुळं ती कुठंही वळतात, पण वळतात.

मग तो दुष्काळ आला. आधी ओढा गेला, मग विहिरी गेल्या, मग जनावरं छावणीत गेली आणि जनावरांमागं आमचं दूध गेलं. संस्थेच्या खोलीत सकाळी घासून ठेवलेले कॅन दुपारपर्यंत तसेच रिकामे उभे असायचे. मला तर रजिस्टर उघडायचीही लाज वाटायची. एका दुपारी करमेना म्हणून मी घरून पेटी आणली आणि टेबलावर ठेवून वाजवत बसलो. थोड्या वेळानं मागून कुणीतरी कॅनवर ठेका धरला.

तो आमचा फॅटवाला होता. दुधाचं फॅट काढायचं काम त्याचं, म्हणून सगळं गाव त्याला फॅटवाला म्हणायचं. अंगावर मात्र औषधालाही फॅट नव्हतं. माझ्याच वयाचा, काटकुळा, तोंडात सदा सुपारी. बोलायचा कमी, पण ओरडायचा असा की शिवारात चरणारी जनावरं माना वर करायची. त्याच्या गळ्यात सूर म्हणून नव्हताच. एकदा भजनात त्यानं तोंड उघडलं, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला हात जोडले होते. हातात मात्र देवानं सगळं देऊन ठेवलं होतं. रिकाम्या कॅनच्या पोटावर पंजा, काठावर बोटं आणि झाकण पायाच्या अंगठ्याखाली. सूर खाली आणायचा असेल तर कॅनमध्ये तांब्याभर पाणी ओतायचा. दुष्काळात पाणी ओतून वाजवतो म्हणून मी त्याच्यावर खेकसलो, तर म्हणाला, "वाजवून झालं की शेळीला पाजतो सायेब. पानी कुठं जायलंय?" त्याची शेळी त्या उन्हाळ्यात सुरात ओरडायला लागली, असं गावात बोललं जायचं.

हळूहळू आणखी दोघं आले. शाळेतले गुरुजी गायचे. जयंतीच्या मिरवणुकीत सगळा गाव त्यांच्या आवाजामागं चालायचा. दुसरा आमचा शिंपी. त्याच्याकडं बुलबुलतरंग होतं आणि सुईत दोरा ओवावा तसा तो एकेक सूर नीट बघून काढायचा. चौघांपैकी कुणालाच ठरवून काही येत नव्हतं. म्हणून आम्ही ठरवणंच सोडलं आणि संस्थेच्या सभेची पद्धत लावली. कुणीतरी एकानं सूर काढायचा, तो सूचक. दुसऱ्यानं तोच उचलायचा, तो अनुमोदक. मग चर्चा. शिंपी बहुधा विषय सोडून बोलायचा. फॅटवाला कॅनवर एक जोरकस थाप मारून हरकत नोंदवायचा, आणि चौघं पुन्हा एका जागी आले की ठराव सर्वानुमते मंजूर. संस्थेच्या खऱ्या सभेत एवढं एकमत मी कधी पाहिलं नाही.

हे सगळं मी टेप करायचो. मशीन बायकोच्या भावानं तिला दिलेलं, मोठ्या चार सेलांवर चालणारं. सेल उतरले की ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायचे, म्हणजे आणखी दोन दिवस ओढायचे. मशीनला दोन बटणं एकदम दाबावी लागायची, मग लाल बत्ती लागायची. बत्ती लागली की शिंपी घाबरून चुकायचा. ते मी समजून घेत होतो. माझं खरं भांडण टँकरशी होतं.

टँकर दुपारी यायचा. त्याची वेळ फक्त त्याला ठाऊक. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा कंटाळा करायचा, आल्या आल्या पाणी विहिरीत सोडायचा आणि जायचा. ज्याची घागर आधी, त्याला पाणी. बाकीच्यांना चिखल. आता आमचा फॅटवाला उजेडासाठी दाराशी बसायचा, आणि दारातून घाटाचं वळण दिसायचं. तिथं धुरळा उठला की तो कॅन सोडून उभा राहायचा आणि गळा फाडून ओरडायचा, "टँकर आलाऽऽ!" त्याच्या ओरडण्यावर सगळं गाव विसंबून होतं. बायका म्हणायच्या, सरकारी भोंग्यापेक्षा आमचा फॅटवाला बरा. ओरडल्याबरोबर गुरुजी धोतराचा सोगा धरून पळायचे, शिंपी बुलबुल तसंच टाकून पळायचा, आणि पेटी मिटून मीही पळायचो, कारण घरी घागर घेऊन कोण उभं असायचं ते मला माहीत होतं.

संस्थेच्या सभेला पुरेशी माणसं नसली की इतिवृत्तात लिहितात, गणपूर्तीअभावी सभा तहकूब. मी कॅसेटींवर तोच शेरा मारायला लागलो. फॅटवाल्याला तो फार आवडायचा. तो खोलीतच असायचा, त्यामुळं माझी सगळी इतिवृत्तं त्याला पाठ होती. "आन् तहकूब सभा अर्ध्या घंट्यानं त्याच जागी भरती," तो म्हणायचा, "आन् तिला गणपूर्ती लागत न्हाई. एकटा बसला तरी सभाच. हौ का न्हाई सायेब?" नियम तसाच आहे. मी हो म्हणायचो.

पण मला हसू येत नव्हतं, कारण माझ्या डोक्यात रेडिओ शिरला होता. अर्ध्या तासाचं न तुटलेलं वाजवणं टेप करून रेडिओ केंद्राला पाठवायचं. ते आम्हाला बोलावतील, गावचं नाव सांगतील. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, हातात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. मी तिकडं कानाडोळा केला. गुरुजींकडंही तसलं मशीन होतं, ते माझ्या मशीनसमोर ठेवून मी चांगले चांगले तुकडे दुसऱ्या कॅसेटीवर उतरवले, आणि प्रत्येक वेळी ओरडण्याच्या बरोबर आधी बटण बंद केलं. आता मूळ कॅसेटींचं काम काय? त्यांच्यावर पुन्हा नवं वाजवणं भरलं. अशा रीतीनं मी फॅटवाल्याची एकेक हाक निगुतीनं पुसून टाकली. मोठं कलेचं काम करतोय असं तेव्हा मला वाटत होतं.

दसरा जवळ आला तोवर दूध इतकं कमी झालं होतं की फॅट काढायला माणूस ठेवण्यात अर्थ उरला नाही. तो ठराव मीच लिहिला. फॅटवाला आणि त्याची बायको, असा एक कोयता ऊसतोडीला जाणार हे ठरलं. आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यांची सहा वर्षांची लेक त्या वर्षीच शाळेत बसली होती. शाळा बुडायला नको म्हणून तिला आजीपाशी ठेवायचं होतं. फॅटवाल्यानं त्या आठवड्यात सुपारी फार खाल्ली.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शेवटचे बसलो. सेल कोरे असावेत म्हणून मी सणासाठी बाजूला ठेवलेले आणले. आणि काय सांगू, त्या दुपारी आम्ही चौघं जसे वाजलो तसे पुन्हा कधीच वाजलो नाही. गुरुजींनी शब्द सोडून नुसता आकार लावला. शिंपी एकदाही घाबरला नाही. फॅटवाल्याचा ठेका असा की पेटी मी वाजवतोय की तो वाजवून घेतोय, कळेना. कॅसेटीची एक बाजू जवळजवळ भरत आली होती. मला डोळ्यासमोर रेडिओचं पत्र दिसत होतं. आणि फॅटवाला उठला आणि ओरडला.

आम्ही पळालो. गाव पळालं. विहिरीवर दोनशे घागरी एकमेकींवर आपटल्या, आणि घाटाच्या वळणावर धुरळ्याचा ठिपकासुद्धा नव्हता.

टँकर आलाच नव्हता. दुष्काळात खोटा टँकर ओरडणं म्हणजे काय, हे ज्यानं उन्हात घागर घेऊन धाव घेतलीय त्यालाच कळेल. बायकांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि त्यात सगळ्यात पुढं त्याची स्वतःचीच बायको होती. मी रिकामी घागर घेऊन धापा टाकत संस्थेत आलो तर हा मशीनपाशी कॅनला टेकून बसलेला. लाजेनं बसलाय, असं मला वाटलं. मी ओरडलो, मशीन बंद केलं, कॅसेट ओढून काढली. पुन्हा तिच्यावर काही भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीवरचे दोन्ही कान पेनच्या टोकानं मोडले. शेरा लिहिला, 'खोटा टँकर. पुरावा.' आणि कपाटात टाकून कुलूप लावलं.

"पुढच्या सभेत ऐकवतो सगळ्यांना," मी म्हणालो, "तुझा शहाणपणा."

"कावून एवढं तापायलात सायेब?" तो म्हणाला. "आतलं एक डाव ऐका तं."

"काय ऐकू? तुझी बोंब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक भरत होता. भांडी, गोधड्या, कोंबड्या, माणसं. तो मधेच उतरून संस्थेच्या दाराशी आला. "सायेब, ती कॅसेट तेवढी ऐका." मी रजिस्टरमधून मान वर केली नाही. त्याची लेक आजीचं बोट धरून ट्रकच्या मागच्या चाकापाशी उभी होती, एवढं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. मग ट्रक मांजरसुंब्याच्या दिशेनं गेला.

कॅसेट मी ऐकली नाही. ऐकायचं काय होतं? आधीचं चांगलं वाजवणं ऐकलं असतं तर जीव जळला असता, आणि ओरडण्याच्या पुढं होती रिकामी खोली. पुढच्या सभेतही ऐकवली नाही, कारण गणपूर्ती झाली नाही. रेडिओला दुसरीच एक पाठवली. ती पत्रासकट साभार परत आली, आणि शिंप्यानं ते पत्र दुकानात चौकटीत लावलं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी फॅटवाला परत आला. आल्या आल्या संस्थेत येऊन कॅनवर एक थाप मारली आणि माझ्याकडं बघून हसला. माझा राग तिथंच विरघळला. कॅसेटीबद्दल त्यानं पुन्हा विचारलं नाही. आम्ही वाजवत राहिलो. दरवर्षी दसऱ्याला तो जायचा आणि कॅन गप्प व्हायचे. तो परत यायचा आणि ते बोलायचे. अशाच पाचव्या का सहाव्या हंगामात कारखान्यावर त्याला कावीळ झाली आणि तो परत आला नाही. त्यानंतर मी पेटी उघडली ती फक्त भजनाला. पुढं संस्थाही गुंडाळली. भंगारवाला कॅन घेऊन गेला तेव्हा मी खोलीत थांबलो नाही.

यंदा पावसाळ्याआधी एका दुपारी केजच्या घरी एक बाई आली. तिशी ओलांडलेली, खांद्याला पर्स, दवाखान्यातल्या नर्सची पांढरी चप्पल. उभी राहण्याची तऱ्हा बघूनच मी ओळखलं. तोच काटकुळेपणा.

"काका, मी फॅटवाल्याची लेक," ती म्हणाली. पाणी प्याली आणि सरळ मुद्द्यावर आली. "आई म्हणाली, तुमच्याकडं त्या वेळच्या कॅसेटी हायेत. मला दादांचा चेहरा आठवतो. एक फोटो हाय. हात आठवतात. आवाज आठवत न्हाई. लई आठवून बघितलं. माझी पोरगी विचारती, आजोबा कसे बोलायचे? मला सांगता येत न्हाई."

सतरा कॅसेटी भरून तो वाजलाय आणि आवाज एकाही ठिकाणी नाही, कारण तो मी पुसलाय. हे तोंडानं कसं सांगू? माझी मान खाली गेली. मग बायकोच आतून म्हणाली, "आणि ती पुराव्याची?"

पत्र्याच्या ट्रंकेत ती तळाशी निघाली. लाल शाई फिकट झालेली. मशीनची तार भिंतीत घातली, कॅसेट पेन्सिलीनं गुंडाळून घट्ट केली आणि लावली. आमचं त्या दुपारचं वाजवणं सुरू झालं, पण चिमणीसारखं, भरभर. मग चिरक्या आवाजात कुणीतरी ओरडलं. तिचा चेहरा उतरला. "हे दादा न्हाईत," ती म्हणाली.

माझ्या ध्यानात आलं. ते सेल कोरे म्हणून मी आणले होते खरे, पण दुष्काळातल्या दुकानातले, किती दिवस पडून असतील कोण जाणे. भरतानाच ते दमले होते. दमलेल्या सेलांवर भरलेलं विजेवर लावलं की धावतंच. मी तार काढली, घरातल्या दोन बॅटऱ्यांमधले उतरलेले सेल मशीनमध्ये घातले आणि कॅसेट मागं घेतली. आता ठेका जागेवर बसला. पंजा, बोटं, झाकण. आणि मग आमच्या घरात, इतक्या वर्षांनी, त्या गळ्यातून हाक आली.

"टँकर आलाऽऽ!"

ती दोन्ही हात तोंडावर धरून बसली. मी बटणाकडं हात नेला. माझ्या दृष्टीनं कॅसेट संपली होती. बायको म्हणाली, "राहू द्या हो."

पळणारे पाय. घागरींचा आवाज लांब लांब जात गेलेला. मग नुसती खोली. मग कुणीतरी मशीनजवळ सरकलं.

"चालू हाय का हे? बत्ती तं लागायलीय." कॅन ओढल्याचा आवाज. "सभा तहकूब झाली. आता गणपूर्ती लागत न्हाई." घसा खाकरला. "सायेब, आमी उद्या जायलोत. माज्या मायला हे दर रविवारी ऐकवा. शाळा नसती रविवारी. आजीसंगं संस्थेत येईल ती. तुमी लई रागवाल, मला ठावं हाय. पण ऐकवाल."

आमच्याकडं बाप लेकीला लाडानं माय म्हणतो.

मग कॅनवर बोटांनी बारीक ठेका सुरू झाला आणि ज्याला आम्ही सगळ्यांनी हात जोडून गप्प केलं होतं, तो गायला लागला. गाणं त्याचंच, जागीच जुळवलेलं. सूर कुठंच लागत नव्हता.

"माय माजी शाळंत जाती,
पाटीवर भाकर काढती,
गोल न्हाई झाली म्हणून
पुसती आन् पुन्यांदा काढती..."

दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा "माय माजी" एवढंच म्हणाला आणि दारातून दुसराच आवाज घुसला. धापा टाकत, संतापून.

"कुठाय बे टँकर? बंद कर ते!"

खट्.

तो आवाज माझा होता. त्यानं माझी इतकी वाजवणी तोडली म्हणून मी आयुष्यभर कुरकुरलो. त्याचं एकुलतं एक गाणं मी तोडलं आणि तीस वर्षं कुलपात ठेवलं. सहा वर्षांची पोर प्रत्येक हंगामात आजीपाशी राहिली आणि एकाही रविवारी मी तिला बोलावलं नाही. मी तिची माफी मागितली. नीट मागता आली नाही, रडू आलं.

तिनं डोळे पुसले आणि पदर नाकाला लावूनच हसली. "किती बेसूर गायचे हो दादा."

"फार," मी म्हणालो.

कॅसेट तिला देऊ केली. तुझीच आहे, घेऊन जा म्हणालो. तिनं ती हातात घेतली, माझा शेरा वाचला आणि मशीनवर परत ठेवली.

"नको काका. त्यांनी तुमालाच ऐकवायला सांगितलंय."

आता ती रविवारी येते, लेकीला घेऊन. सेल फार ताजे नकोत आणि फार मेलेलेही नकोत, म्हणून मी शनिवारीच लावून बघतो.